पुलावरची चार विमानं

मु. खडकमाळ, ता. माण, जि. सातारा
रविवार, ४ जुलै १९९९

चि. प्रियदर्शनीस आबाचा सप्रेम जयभीम.

तुझं पत्र परवा पोचलं. आम्ही दोघं खुशाल आहोत. बाजरी पेरून झालीय, उगवलीय थोडी, बाकीची विचार करतीय. तुझ्या बापाचं मुंबईहून कार्ड आलं, तोही बरा आहे. पांढऱ्या शेळीला दोन करडं झाली, दोन्ही पाटी, बोकड एकही नाही. तुझ्या मेसच्या आमटीत डाळ सापडायला लागली का ते कळव.

आता तुझ्या मुद्द्यावर येतो. चार पानी पत्रात साडेतीन पानं विमानांची आणि अर्धं पान अभ्यासाचं. हे माप उलटं पाहिजे, असं मी आजोबा म्हणून लिहून ठेवतो. पण खरं सांगायचं तर मी ती साडेतीन पानंच दोनदा वाचली.

मला समजलं ते असं, चुकलं तर दुरुस्त कर. सांगलीत विश्रामबागेत इंटरनेटचं दुकान आहे. रविवारी सकाळी तू आणि तुझी मैत्रीण मयूरी तिथल्या दोन कॉम्प्युटरवर बसता. पुण्यात अवधूत आणि त्याचा मित्र बसतात. टेलिफोनच्या तारेच्या पलीकडं अमेरिकेतली पोरं बसतात, तिकडं तेव्हा शनिवारची रात्र असते. सगळ्यांची विमानं एकाच आभाळात, जुन्या महायुद्धातली, पंख्याची. तुमच्या चौघांची तू म्होरकी आणि तुमच्याकडं एक विमानतळ राखायचं काम. समोरून येतात ती जमिनीवर बॉम्ब टाकणारी विमानं, अगदी झाडांच्या शेंड्यांवरून. त्यांच्या पोटाला चिलखत, पाठीमागं तोंड करून बसलेला एक बंदूकवाला. तुम्ही त्यांच्या मागं लागलात की तो बंदूकवाला तुम्हालाच भाजून काढतो आणि तिकडं तळ जळतो. तीन रविवार झाले, तीनदा तळ गेला, आणखी दोनदा गेला की स्पर्धेतून बाद. म्हणून तू लिहितेस, ‘आबा, तुम्ही खरंखुरं विमान पाडलंय, तुम्हीच सांगा कसं पाडायचं.’

आजीला हे वाचून दाखवलं. ती म्हणाली, पोरगी इंजिनेर व्हायला गेलीय का लढायला. मी म्हटलं, दोन्हीला.

तर ऐक. दरवर्षी पंधरा ऑगस्टला शाळेत सांगतो तेच सांगतो. विमान जवळ येऊ द्यायचं. पायलटच्या टोपीचा रंग दिसेपर्यंत बोट दाबायचं नाही. सगळ्यात पुढचं विमान म्होरक्याचं असतं, तेव्हा चौघांनी मिळून त्याच्यावरच तुटून पडायचं. म्होरक्या पडला की बाकीचे शेपूट घालतात. आणि पळालं तरी सोडायचं नाही, पाठ धरायची. पुलावरचा तो किस्सा तुला लहानपणापासून पाठ आहे, पुन्हा लिहीत बसत नाही.

तू लिहिलंयस की तार हळू चालते म्हणून पडद्यावर विमान दिसतं तिथं ते नसतंच, पुढं गेलेलं असतं. अगं, आमचंही तेच व्हायचं. आमच्या चाळीस एमएमच्या गनचा गोळा पोचेपर्यंत विमान पुढं जायचं. म्हणून आहे तिथं कधी मारायचं नसतं, जाणार तिथं मारायचं. हे मात्र शंभर टक्के खरं आहे.

गावची एक बातमी राहिली. रेडिओवर रोज डोंगरावरच्या लढाईचं सांगतात, त्यामुळं गावाला आम्हा माजी सैनिकांची आठवण झालीय. सरपंच नानासोंनी ठरवलंय की एसटी थांब्यावर दगड उभा करायचा, त्यावर गावातल्या सगळ्या फौजींची नावं. बाकीच्यांचं नुसतं नाव, माझ्या नावापुढं मात्र ‘१९७१ च्या युद्धात शत्रूचे विमान पाडले’ अशी ओळ. मी म्हटलं, नाव पुरे, ओळ कशाला. नानासो म्हणाले, ‘तुमी लय साधं मानूस हाय, आबा. तुमाला न्हाई कळायचं.’ दहिवडीच्या पाथरवटाला काम दिलंय. दगड काळा आहे, चांगला घट्ट आहे. एकदा कोरलं की शंभर वर्षं हलायचं नाही, असं तो सांगत होता.

असो. तब्येतीला जप, रात्री जागू नको. आणि म्होरक्याला सोडू नको.

तुझा आबा,
धोंडिराम सरतापे, माजी हवालदार


खडकमाळ
शुक्रवार, २३ जुलै १९९९

चि. प्रियदर्शनीस जयभीम.

तुझं पत्र येऊन नऊ दिवस झाले. एवढा उशीर मी कधी लावत नाही, हे तुला माहीत आहे. तीनदा लिहायला बसलो. एकदा शेरडं सुटली, एकदा आजीनं हाक मारली. तिसऱ्या वेळी कुणीच काही केलं नाही, तरी मी उठलो.

तुझं पत्र माझ्यापुढं आहे. टोपीचा रंग दिसेपर्यंत थांबलात. चौघं मिळून म्होरक्यावर पडलात आणि त्याला पाडलंही, मयूरीनं दुकानात टाळ्या पिटल्या. तेवढ्यात मागच्या तिघांनी निवांतपणे तुमचा तळ फुंकून टाकला. शेपूट कुणी घातलं नाही. मग मी सांगितलं म्हणून तुम्ही जाणाऱ्यांची पाठ धरलीत आणि बंदूकवाल्यानं तुमच्यातल्या दोघांना जाळलं. आता फक्त एक संधी राहिली, एक ऑगस्टची, आणि अवधूत म्हणतो की म्होरकेपण त्याच्याकडं द्यावं. शेवटी तू विचारलंयस, ‘आबा, तुम्ही सांगितलं तस्संच केलं. मग आमचं काय चुकलं?’

तुमचं काही चुकलं नाही, बाई. सांगणारा चुकला. मी आयुष्यात एकही विमान पाडलेलं नाही.

एवढं लिहून मी उठून पाणी पिऊन आलो. घर जागेवर आहे, म्हणजे पुढचंही लिहायला हरकत नाही.

पूल खरा होता. पंजाबात, नदीवर. आमची गन अलीकडच्या तीरावर होती आणि मी तिचा नंबर वन, म्हणजे कधी मारायचं आणि कुठं मारायचं ते माझ्या तोंडून निघायचं. दुपारी तीनचा सुमार. चार विमानं उन्हाच्या बाजूनं, पाण्यावरून खाली आली. सुभेदार साहेबांनी आम्हाला आदल्या आठवड्यातच बजावलं होतं, तुमचं काम विमान पाडायचं नाही, तुमचं काम पूल उभा ठेवायचं. बॉम्ब नेमका पुलावर पाडायचा तर पायलटला शेवटचे काही सेकंद सरळ रेषेत यावंच लागतं, वाकडं होऊन चालत नाही. त्या रेषेत तुम्ही गोळे पेरून ठेवा. येईल तो बिचकेल आणि वाकेल. वाकला की त्याचा बॉम्ब पाण्यात.

तसंच झालं. पहिला वाकला, त्याचा बॉम्ब वाळूत. दुसऱ्याचा पाण्यात. तिसरा पाण्यातच बॉम्ब टाकून वर उठला तो आमच्या डोक्यावरून, एवढा जवळून की पोटावरचे तेलाचे ओघळ दिसले. वर उठताना विमान जड होतं, हळू होतं. गन फिरवली असती तर तो माझा होता. गनवरची सगळी पोरं ओरडली, मारो, मारो. पण चौथा त्याच रेषेत यायला लागला होता. मी गन फिरवू दिली नाही. चौथ्यासाठी रेषेत मारत राहिलो. तोही वाकला, त्याचे बॉम्ब पलीकडच्या गव्हात पडले. चौघंही आले तसे निघून गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी आपले रणगाडे त्या पुलावरून पलीकडं गेले.

माझी पोरं त्यानंतर चार दिवस माझ्याशी धड बोलली नाहीत. हातात आलेलं विमान सोडलं म्हणून. मलाही वाटायचं, सोडलं आपण.

मग ते पडलं कसं, तर आपल्या शाळेच्या वऱ्हांड्यात पडलं. तुझ्या आजीला वाचता येत नव्हतं, तेव्हा माझी पत्रं सयाजी मास्तर वाचून दाखवायचे आणि ऐकायला अर्धं गाव जमायचं. मी लिहिलं होतं, ‘चार विमानं आली, आमची गन चालली, पूल शाबूत आहे, मी खुशाल.’ मास्तर वाचायला लागायच्या आधी गर्दीतून कुणीतरी म्हणालं, तिकडं बी झाडलोटीलाच ठेवला आसंल त्येला. तुझी आजी तिथंच खाली बसलेली, तान्हं पोरगं, तुझा धाकटा चुलता, मांडीवर. मास्तरांनी तिच्याकडं बघितलं, त्या माणसाकडं बघितलं, आणि माझ्या पत्रात नसलेली एक ओळ वाचली, धोंडिरामानं विमान पाडलं. हे त्यांनीच मला पुढं सांगितलं. म्हणाले, मला दुसरं काही सुचलंच नाही. मास्तर वारले, त्यांना दोष देऊ नको. जातीनं मराठा माणूस, पण आमच्यासाठी खोटं बोलला.

मी रजेवर आलो तर थांब्यावर हलग्या वाजतायत. मला काही कळायच्या आत गळ्यात हार, आणि मिरवणूक निघाली ती मधल्या गल्लीतून, मारुतीच्या पारावरून. प्रियदर्शनी, त्या गल्लीतून माझा बाप पायातलं हातात घेऊन जायचा. त्या दिवशी तो माझ्या शेजारून पायात चपला घालून चालला, मान ताठ, आणि वाटेत कुणी हू का चू केलं नाही. मी तिथं काय सांगणार होतो? विमान पडलं नाही म्हटलं असतं तर हलगी तिथंच थांबली असती, आणि बापाला अर्ध्या गल्लीतून परत फिरावं लागलं असतं. मी गप्प बसलो. पुढच्या महिन्यात बाबासाहेबांच्या जयंतीची मिरवणूक त्याच गल्लीतून गेली. कुणी आडवं आलं नाही. मग तर बोलायची सोयच राहिली नाही. मला वाटत आलं की ती गल्ली आम्हाला त्या विमानानं दिलीय, विमान काढून घेतलं तर गल्लीही जाईल.

तेव्हापासून सांगत आलो. आधी बिचकत, मग सफाईनं. टोपीचा रंग मी पंचाहत्तर-ऐंशीच्या दरम्यान कधीतरी घातला, पोरांना आवडतो म्हणून. म्होरक्या पडल्यावर बाकीचे पळाले, ही त्याच्या नंतरची भर. पण दर पौर्णिमेला विहारात पंचशील घेताना चौथं शील आलं, खोटं न बोलण्याचं, की मला खोकला येतो. वस्तीतले म्हणतात आबांना घशाचा त्रास आहे. मला वंदना म्हणायला पुढं बसवतात तेव्हा मी तेच कारण सांगून मागं सरकतो.

शाळेतल्या पोरांना खोटं सांगितलं त्याचं काही वाटून घेतलं नाही, पण तू माझ्या खोट्यावर तुझा तळ हरलीस. आणि आता ते दगडावर जाणार आहे. आठ ऑगस्टला बैठक आहे, तिथं ओळीवर शिक्कामोर्तब होईल. नाव कोरून झालंय, पुढची जागा मोकळी आहे. बोलावं तर वस्तीतल्या पोरांची मान खाली जाईल, गप्प बसावं तर मी मेल्यावरही तो दगड खोटं बोलत राहील. झोप नाही. आजीला सांगितलेलं नाही, तू तुझ्या बापाला सांगू नको.

आता खरं ते ऐक आणि त्या रविवारी तसं कर. जाणाऱ्याच्या मागं लागू नको, येणाऱ्याचा रस्ता धर. ज्यानं बॉम्ब टाकला त्याच्या हातात आता काही नाही, त्याला जाऊ दे, मग त्याच्या पाठीवरचा बंदूकवालाही आपोआप गेला. ज्याच्या पोटाखाली बॉम्ब आहे तो आपला. त्याला तळापासून लांबच गाठायचं, मागून नाही, समोरून किंवा बाजूनं. तो सरळ यायला लागला की त्याच्या रेषेत मारायचं. लागलं तर ठीक, नाही लागलं तरी ठीक, तो वाकला की काम झालं. आणि चौघांतल्या एकानं तळावरून हलायचंच नाही, समोर कितीही चांगली शिकार दिसू दे. ते काम सगळ्यात अवघड, म्हणून ते म्होरक्यानं करायचं. ज्वारीत पाखरं राखणारा पाखरं मारत बसत नाही, तो कणसं वाचवतो.

तुला माझा राग आला असेल तर तोही लिही. पण लिही.

तुझा
आबा


खडकमाळ
सोमवार, १६ ऑगस्ट १९९९

चि. प्रियदर्शनी, जयभीम, आणि शाब्बास.

आज मला झोप लागून उठायला सात वाजले. तुझी आजी दोनदा येऊन श्वास चालू आहे का बघून गेली म्हणे. गेला आठवडाभर हे असंच चाललंय, खातो आणि झोपतो.

तुझं पत्र पाच तारखेला आलं होतं. उत्तर मुद्दाम आज देतोय, म्हणजे सगळं एकदमच सांगता येईल. पत्र उघडताना मला वाटलं, आता तू मला झाडणार. तू तर माझ्या कबुलीचं नावही काढलं नाहीस. सुरुवातच अशी, ‘आबा, तळ राहिला.’ अवधूत कुरकुरत का होईना समोरून गेला, मयूरीनं बाजू धरली, आणि तू वीस मिनिटं तळाच्या डोक्यावर घिरट्या घालत बसलीस, हात शिवशिवत असताना. सहा विमानं आली, सहाही वाकली. बॉम्ब शेतात, ओढ्यात, एक तर त्यांच्याच गाडीवर. शेवटी पडद्यावर आकडे आले, तुमच्या नावापुढं पाडलेली विमानं शून्य, आणि खाली लिहिलेलं की तुम्ही जिंकलात. तुझी ती ओळ मी पाठ केलीय, ‘आबा, शून्य पाडली आणि आम्ही दुकानात नाचलो.’

आठ तारखेला ते पत्र सदऱ्याच्या खिशात घालून मी बैठकीला गेलो.

ग्रामपंचायतीपुढं सगळे बसले होते. आपल्या वस्तीतलेही होते, बायका मागं ओट्यावर. नानासोंनी ओळ वाचून दाखवली आणि कुणाची हरकत आहे का, असं रीतीप्रमाणं विचारलं. मी म्हटलं, माझी आहे. त्यांना वाटलं मी पुन्हा लाजतोय. मग मी उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. चार विमानं, रेषा, मी न फिरवलेली गन. मास्तरांचं नाव मी घेतलं नाही, म्हटलं, पत्र वाचताना घोटाळा झाला आणि पुढची अठ्ठावीस वर्षं मी तो दुरुस्त केला नाही, दोष माझा.

पहिल्यांदा उठला तो आपल्या वस्तीतला प्रबुद्ध, जयंती मंडळाचा अध्यक्ष. त्याचे डोळे भरले होते. म्हणाला, ‘आबा, आता कशाला हे? आमी आमच्या पोरांना काय सांगायचं?’ ह्याच प्रश्नाला मी इतकी वर्षं भ्यालो होतो. उत्तर काही पाठ करून नेलं नव्हतं. म्हटलं, ‘सांगा, आपला मानूस पुलावर हुता आन पूल ऱ्हायला.’

प्रबुद्ध खाली बसला. तेवढ्यात कोपऱ्यातून नाथाजी उठले. वरच्या आळीचे नाथाजी, तूही त्यांना ओळखतेस, एकाहत्तरला पायदळात होते, काठी टेकत चालतात. ते माझ्याकडं बघत म्हणाले, ‘गड्या, मी गेलो त्यो पूल येगळा आसंल. पर त्यो बी कुनीतरी राखला हुता म्हनूनच मी पल्याड गेलो, आन म्हनूनच माघारी आलो.’ एवढं बोलून बसले, आणि पान खायला लागले.

नानासो जरा नाराज दिसले, कारण विमानानं दगडाला वजन आलं असतं. पण त्यांनी मला विचारलं, आता काय लिहायचं ते तुम्हीच सांगा. मी सांगितलं, नाव आणि साल पुरे. प्रबुद्ध म्हणाला, नाही, ओळ पाहिजे. दुसऱ्या दिवशी तोच मोटारसायकलवर दहिवडीला गेला आणि पाथरवटापुढं उभा राहून करून घेतलं. काल झेंडावंदनानंतर दगडावरचं कापड काढलं. माझ्या नावापुढं आहे, ‘१९७१. पूल राखला.’ मी बोट फिरवून बघितलं, खोल कोरलंय.

आणि गल्लीचं सांगायचं राहिलं. मला सगळी भीती होती ती गल्लीची. कुणी तिचं नावसुद्धा काढलं नाही. बैठक सुटली तशी आपली पोरं दोन मोटारसायकलींवर पाच जणं बसून त्याच गल्लीतून हॉर्न वाजवत गेली आणि पारावरच्या म्हाताऱ्यांनी त्यांना वेगावरून शिव्या दिल्या. मी तिथं उभा राहून हसलो. माझ्या बापानं ते ऐकायला पाहिजे होतं. पोरांना शिव्या बसल्या त्या फक्त मोटारसायकलीच्या.

आता जे लिहायला हे पत्र घेतलं ते. बैठकीतून आम्ही दोघं घरी आलो. तुझ्या आजीनं ओट्यावर बसून सगळं ऐकलं होतं आणि वाटेत ती माझ्या चार पावलं पुढं चालली. घरात आल्या आल्या चूल पेटवली, परातीत पीठ घेतलं. मी दारात बसलो. म्हटलं, आता आपली खैर नाही. गावाला फसवलं ते वेगळं, पण हिला एका चुलीपुढं बसून अठ्ठावीस वर्षं फसवलं. तिनं एक भाकरी थापून तव्यावर टाकली आणि माझ्याकडं न बघता विचारलं,

‘मंग त्यो इमानातला पोरगा जित्ता गेला?’

‘गेला. चौघं बी गेले.’

‘तुमी बगितलं जाताना?’

‘बगितलं. पार ठिपका हुईस्तवर.’

भाकरीला करपल्याचा वास आला तरी तिनं ती उलटली नाही. मग म्हणाली, ‘अठ्ठावीस वरसं मी त्येच्या आयची माफी मागतीया.’

मला आधी कळलंच नाही. मग कळलं ते असं. दर पौर्णिमेला विहारात वंदना झाली की ती एक मेणबत्ती जास्तीची लावते. मी समजत होतो ती तिच्या वारलेल्या भावासाठी. ती त्या पायलटच्या आईसाठी होती. त्या दिवशी शाळेच्या वऱ्हांड्यात मास्तरांनी ती ओळ वाचली तेव्हा गाव टाळ्या वाजवत होतं, आणि तुझी आजी मांडीवरच्या पोराकडं बघत बसली होती. तिच्या डोक्यात एकच, की तिकडं कुणाच्या तरी मांडीवरचं पोरगं माझ्या धन्यानं मारलं. लोक तो किस्सा काढायचे तेव्हा ती उठून आत जायची. मला वाटायचं हिला संशय आलाय, म्हणून मीही कधी विषय काढला नाही. आणि ती गप्प का, तर म्हणे, ‘तुमची नोकरी हुती. सरकारनं सांगितल्यालं केलं तुमी. तुमाला काय बोलायचं?’

मी म्हटलं, ‘आगं, एकदा तरी इचारायचंस.’

ती म्हणाली, ‘तुमी एकदा तरी सांगायचं.’

मग ती रडली, प्रियदर्शनी. तोंडाला पदर लावून, खांदे हलवत. चाळीस-पन्नास वर्षांच्या संसारात मी तिला इतकं मोकळं रडताना बघितलं नव्हतं. मी तिच्याशेजारी जाऊन बसलो आणि मलाही रडू आलं. त्या तिसऱ्या विमानावर गन फिरवली नाही म्हणून अर्धं आयुष्य मी मनातल्या मनात मान खाली घातली. त्या संध्याकाळी पहिल्यांदा वाटलं, बरं झालं. लय बरं झालं. करपलेली भाकरी आम्ही दोघांनी अर्धी अर्धी खाल्ली.

मी तिला विचारलं, आता येत्या पौर्णिमेला ती जास्तीची मेणबत्ती बंद का? ती नाक पुसत म्हणाली, ‘बंद कशापायी? त्यो बी आता म्हातारा झाला आसंल. त्येच्या गुडघ्यांसाठी लावीन.’

आजीचा तुला आशीर्वाद. माझाही.

एकही विमान न पाडलेला,
तुझा आबा